जुन्या अहिंसक गुन्ह्यानंतर अमेरिकेत बंदुकीचा हक्क परत मिळवण्याची प्रक्रिया

अमेरिकेत एखाद्याने तरुणपणी पैशांची अफरातफर केली, त्याची शिक्षा भोगली, दंड भरला आणि पुढची वीस वर्षे कोणत्याही भानगडीत न पडता काढली, तरी बंदूक बाळगण्यावरची बंदी केवळ काळ लोटला म्हणून उठत नाही. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार ही बंदी मुदतीची नसते. ती उठवून घ्यावी लागते. राज्याचा कायदा आणि फेडरल (केंद्रीय) कायदा हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी लागू असतात, आणि राज्याने मोकळे केले म्हणजे फेडरल कायद्यानेही मोकळे केले असे होत नाही. फसगत होते ती बहुधा इथेच.

म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी आपल्यावर बंदी नेमकी आहे का, हे तपासावे. फेडरल कायदा प्रत्यक्ष किती शिक्षा भोगली हे पाहत नाही. त्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकली असती, हे पाहतो. एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकणारा गुन्हा असेल, तर एकही दिवस तुरुंगात न जाता केवळ प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) सुटलेल्या माणसालाही बंदी लागू होते. उलट, राज्याच्या कायद्याने मिस्डिमीनर (कमी गंभीर गुन्हा) ठरलेला आणि कमाल शिक्षा दोन वर्षे किंवा त्याहून कमी असलेला गुन्हा या बंदीसाठी मोजला जात नाही. मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आणि व्यापार-नियमनाचे तशाच स्वरूपाचे गुन्हेही वगळलेले आहेत. अमेरिकेबाहेरच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा या बंदीसाठी धरली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले आहे. परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांनी हे लक्षात ठेवावे. मात्र घरगुती हिंसाचाराच्या मिस्डिमीनरसाठी १९९६ पासून वेगळी बंदी आहे, आणि तिला वरची दोन वर्षांची सवलत लागू नाही.

गुन्ह्याच्या नावावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे ब्रायन रेंज यांच्या प्रकरणातून दिसते. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्यांनी फूड स्टँप (सरकारी अन्नमदत) मिळवण्यासाठी उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे कबूल केले आणि त्यांना तीन वर्षांचे प्रोबेशन मिळाले. कागदोपत्री तो मिस्डिमीनर होता, पण त्याची कमाल शिक्षा पाच वर्षांची असल्याने त्यांच्यावर बंदी आली.

यासाठी पहिले काम कागदपत्रांचे आहे. ज्या न्यायालयात खटला चालला त्याच्या क्लार्ककडून निकालाची प्रमाणित प्रत, आरोपाचे कलम आणि शिक्षा पूर्ण झाल्याचा दाखला मिळवावा. शिक्षा झाली त्या वेळी ते कलम कोणत्या शब्दांत होते आणि त्याची कमाल शिक्षा काय होती, हे पाहावे. आजचे कलम वाचून निष्कर्ष काढू नये. एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडे बोटांचे ठसे आणि १८ डॉलर शुल्क पाठवले की आपली गुन्हेविषयक नोंद मागवता येते. राज्य पोलिसांकडची नोंदही स्वतंत्रपणे मागवावी, कारण या दोन नोंदींत तफावत असू शकते. आरोप फेटाळला गेल्याचे किंवा फेलनीचे (गंभीर गुन्ह्याचे) मिस्डिमीनर झाल्याचे नोंदीत चढलेच नसेल, तर मूळ प्रश्न हक्काचा नसून नोंद दुरुस्त करण्याचा असतो, आणि ते काम तुलनेने सोपे आहे.

दुसरा प्रश्न शिक्षा कोणत्या न्यायालयाने दिली हा आहे. फेडरल न्यायालयाने दिली असेल, तर राज्याच्या गव्हर्नरची माफी किंवा राज्य न्यायालयाचा आदेश फेडरल बंदीपुरता निरुपयोगी ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बीचम प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. अशा व्यक्तीसमोर मुख्यतः राष्ट्राध्यक्षांच्या माफीचा मार्ग उरतो. त्याचा अर्ज न्याय विभागातील पार्डन ॲटर्नीच्या कार्यालयाकडे करायचा असतो, त्याला शुल्क नाही, आणि तुरुंगातून सुटल्यापासून किंवा तुरुंगवास झालाच नसेल तर शिक्षा सुनावल्यापासून पाच वर्षे थांबावे, अशी अपेक्षा असते.

खरे तर कायद्यात आणखी एक वाट पूर्वीपासून आहे. कलम ९२५(सी) नुसार अर्जदार सार्वजनिक सुरक्षेला धोका ठरणार नाही याची खात्री पटल्यास ॲटर्नी जनरल (न्याय विभागाचे प्रमुख) बंदी उठवू शकतात. पण हे काम ज्या एटीएफकडे (बंदुकांचे नियमन पाहणाऱ्या फेडरल संस्थेकडे) होते, तिने व्यक्तींच्या अर्जांवर पैसा खर्च करू नये, अशी अट अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) १९९२ पासून अर्थसंकल्पात घातली. एटीएफने अर्जावर निर्णयच दिला नाही, तर न्यायालय परस्पर दिलासा देऊ शकत नाही, असा निकाल २००२ च्या बीन प्रकरणात लागला, आणि ही वाट कायद्याच्या पुस्तकात असूनही व्यवहारात बंद पडली. मार्च २०२५ मध्ये न्याय विभागाने हा अधिकार एटीएफकडून काढून घेतला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नव्या अर्जप्रक्रियेचा नियम प्रस्तावित केला. या वाटेने जाऊ पाहणाऱ्याने न्याय विभागाचे त्या दिवशी लागू असलेले नियम वाचूनच अर्ज भरावा. यासाठी घाईने कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

राज्याच्या न्यायालयाने शिक्षा दिली असेल, तर त्या राज्याचा कायदा निर्णायक ठरतो. शिक्षा रद्द झाली, नोंद पुसली गेली, माफी मिळाली किंवा नागरी हक्क परत मिळाले, तर फेडरल कायदा ती शिक्षा मोजत नाही. मात्र त्या आदेशातच बंदूक बाळगता येणार नाही असे म्हटलेले नसावे. नागरी हक्क म्हणजे सर्वसाधारणपणे मतदान करणे, निवडणुकीला उभे राहणे आणि ज्यूरीवर बसणे. जो हक्क कधी गेलाच नव्हता तो ‘परत मिळाला’ असे म्हणता येत नाही, असे २००७ च्या लोगन प्रकरणात ठरले. परिणामी, ज्याचे नागरी हक्क शाबूत राहिले त्याचीच कधी कधी अधिक अडचण होते, ही या कायद्यातली एक विचित्र गोष्ट आहे.

प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे. व्हर्जिनियात गव्हर्नरने नागरी हक्क परत दिले तरी त्यात बंदुकीचा हक्क येत नाही. त्यासाठी सर्किट कोर्टात वेगळी याचिका करावी लागते. नॉर्थ कॅरोलायनात एकाच अहिंसक फेलनीची शिक्षा झालेल्याला नागरी हक्क परत मिळाल्यानंतर २० वर्षांनी डिस्ट्रिक्ट कोर्टात अर्ज करता येतो. फ्लोरिडात शिक्षा पूर्ण झाल्यावर आठ वर्षांनी क्षमादानाचा भाग म्हणून बंदुकीच्या हक्काची स्वतंत्र मागणी करता येते. कॅलिफोर्नियात कलम १२०३.४ खाली शिक्षा फेटाळून घेतली तरी बंदी कायम राहते, तर ज्या गुन्ह्याला फेलनी किंवा मिस्डिमीनर यांपैकी काहीही मानता येते, तो कलम १७(बी) खाली मिस्डिमीनर करून घेतल्यास मार्ग मोकळा होऊ शकतो.

टेक्सासचे उदाहरण जरा थांबून वाचावे. तिथे कैद, प्रोबेशन किंवा पॅरोल संपून पाच वर्षे झाली, की राज्याचा कायदा त्या व्यक्तीला स्वतःच्या राहत्या घरात बंदूक ठेवू देतो. फेडरल बंदी मात्र तशीच असते. शिवाय राज्याने काही बंदुकांना परवानगी देऊन काहींना मनाई ठेवली, तर फेडरल कायद्याच्या दृष्टीने सर्वच बंदुकांना मनाई राहते, असे १९९८ च्या कॅरन प्रकरणात ठरले. म्हणजे अर्धवट मिळालेला हक्क फेडरल बंदीपुरता न मिळाल्यासारखाच आहे.

याचिका करताना दंड आणि पीडिताला द्यायची भरपाई पूर्णपणे फेडली आहे का, हे आधी पाहावे. कोर्ट-फीचे चाळीस डॉलर राहून गेले म्हणून शिक्षा ‘अपूर्ण’ ठरू शकते. नोकरी, कर भरल्याच्या नोंदी आणि आपल्याला अनेक वर्षे ओळखणाऱ्यांची पत्रे जोडावीत. सरकारी वकिलाला नोटीस द्यावी लागत असेल तर ती वेळेत द्यावी. शिक्षा झाली नाही अशी एखादी अटक असली तरी ती लपवू नये. ती सरकारी वकिलाला बहुधा सापडतेच, आणि मग न्यायाधीश जुन्या गुन्ह्यापेक्षा आजच्या लपवाछपवीकडे अधिक पाहतात. या विषयातला, त्याच राज्यात वकिली करणारा वकील निदान एकदा भेटून घ्यावा, असे माझे मत आहे.

ही बंदीच घटनाबाह्य आहे, असा दावा करण्याचा मार्ग काहींना आकर्षक वाटतो. रेंज यांच्या बाजूने थर्ड सर्किट या फेडरल अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये निकाल दिला खरा, पण तो त्यांच्यापुरता मर्यादित होता. मे २०२५ मध्ये नाइन्थ सर्किटने दुआर्ते प्रकरणात नेमकी उलटी भूमिका घेतली. हा दावा दिवाणी खटल्यात करावा. आधी बंदूक घेऊन मग फौजदारी खटल्यात बचाव म्हणून तो मांडणे हा जुगार आहे.

कारण आदेश हाती येईपर्यंत बंदूक आणि काडतुसे या दोन्हींना हात लावता येत नाही. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे. पत्नीची किंवा पतीची कायदेशीर बंदूक घरात असेल, तर ती अर्जदाराला उघडता न येणाऱ्या तिजोरीत किंवा घराबाहेर ठेवावी. कपाटाची किल्ली दोघांकडे असणेही अडचणीचे ठरू शकते.

आदेश मिळाल्यावर त्यातला प्रत्येक शब्द वाचावा. ‘शिकारीपुरते’, ‘पिस्तूल वगळून’ असे काही असेल, तर वर सांगितलेला कॅरनचा निकाल आड येतो. आदेश राज्याच्या नोंद-कार्यालयापर्यंत आणि एफबीआयपर्यंत पोहोचला का, याचा पाठपुरावा स्वतः करावा. त्यानंतर दुकानात बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरताना त्याच्या सूचना वाचूनच उत्तर द्यावे, कारण माफी मिळालेल्या किंवा हक्क परत मिळालेल्या व्यक्तीने शिक्षेच्या प्रश्नाला काय लिहायचे, हे तिथे सांगितलेले असते. तरीही नकार आला, तर एफबीआयकडे अपील करता येते, आणि व्हॉलंटरी अपील फाइलमध्ये आपली कागदपत्रे ठेवून पुढच्या खरेदीसाठी ओळख-क्रमांक मिळवता येतो. आदेशाची प्रमाणित प्रत कायम जपावी, आणि दुसऱ्या राज्यात राहायला जाण्यापूर्वी ते राज्य हा आदेश मानते का, हे तिथल्या वकिलाला विचारून मगच बंदूक सोबत न्यावी.