कागदावरची फौज ऐन वेळी मुकी का होते? या चुका टाळा

दर रविवारी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गच्चीवर पोह्यांच्या बशा उचलल्या की नकाशा अंथरला जातो. एका बाजूला ‘वरची फौज’, म्हणजे माळव्याच्या पठारावरची. समोर ‘खालची फौज’, घाट उतरल्यावरच्या निमाडातली. दोन्ही काल्पनिक. पलटणी, तोफा, रसद, बिनतारी संच, सगळं आमचं आम्हीच ठरवलेलं. सेनापती वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि हुकूम चिठ्ठीवर लिहितात. चिठ्ठी पोचेल का, किती उशिरा पोचेल, वाटेत कोणी वाचेल का, हे पंच ठरवतो. पंच मी.

तोफा कमी पडल्या म्हणून हरलेली फौज मी क्वचित पाहिली आहे. चिठ्ठ्यांपायी बुडालेल्या मात्र पुष्कळ. हल्ली बरीच मुलं कथा-कादंबरीसाठी, गेमसाठी स्वतःचं सैन्य रचतात आणि तपासायला आणून देतात. त्यांच्याही चुका बहुतेक त्याच असतात, म्हणून एकदा लिहून टाकतो.

डॉक्ट्रिनच्या नावाखाली घोषणा

चाळीस पानांची फाइल येते. ‘आमचं सैन्य वेगवान, आक्रमक आणि तंत्रज्ञानसज्ज आहे.’ ठीक. मी एकच प्रश्न विचारतो: पूल उडालाय, रेडिओ बंद आहे, मेजरसाहेब पलीकडच्या काठावर अडकलेत. अलीकडचा कॅप्टन आता काय करेल? उत्तर फाइलमध्ये नसेल, तर ते डॉक्ट्रिन नव्हे, निवडणुकीचा जाहीरनामा आहे.

डॉक्ट्रिन म्हणजे न विचारता काय करायचं याची आधीच झालेली समजूत. ती जितकी पक्की, तितकं कमी बोलावं लागतं. म्हणून युद्धविचार एका वहीत आणि संपर्कव्यवस्था दुसऱ्या वहीत लिहू नका. आपल्या इंदूरजवळच्या महूला बघा ना, आर्मी वॉर कॉलेज, इन्फन्ट्री स्कूल आणि सिग्नलवाल्यांचं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग, तिन्ही एकाच छावणीत आहेत.

दुरुस्ती हुकुमाच्या भाषेपासून सुरू करा. ‘ब कंपनी सकाळी ६ वाजता टेकडी क्रमांक ३ वर जाईल’ हा अर्धा हुकूम झाला. टेकडीवर शत्रू आधीच बसला असेल तर कंपनी थांबते, वर विचारते, उत्तराची वाट बघते आणि मार खाते. पुढे एक ओळ जोडा: ‘उद्या संध्याकाळपर्यंत घाटाचा रस्ता शत्रूला वापरता येऊ नये, यासाठी.’ आता टेकडी ३ नाही मिळाली तर टेकडी ४, नाहीतर खालचा नाला. रेडिओ गेला तरी काम चालू राहतं.

जमीन विसरणं

जर्मन रणगाड्यांचं डॉक्ट्रिन उचलायचं आणि आपल्या काळ्या मातीवर ठेवायचं, ही लाडकी चूक. आषाढात इथल्या शेतात बैलगाडी रुतते, ४१ टनांच्या टी-७२ चं काय होईल ते तुम्हीच बघा. १८०४ च्या पावसाळ्यात इंग्रजांचा कर्नल मॉन्सन यशवंतराव होळकरांसमोरून मुकुंदरा खिंडीतून मागे हटत निघाला, तेव्हा चिखलात रुतलेल्या तोफा निकामी करून टाकून द्याव्या लागल्या. ऑगस्टअखेर तो आग्र्याला पोचला तेव्हा फौजेची रया गेली होती. तुमच्या सैन्याला ‘जून ते सप्टेंबर’ असं वेगळं पान हवंच. आमच्या खेळात खालच्या फौजेच्या सेनापतीनं सलग तीन रविवार नुसता पाऊस पडायची वाट पाहिली. कंटाळवाणा खेळ, पण जिंकला तोच.

रेडिओ म्हणजे जादू, असं धरून चालणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. लेखक लिहून मोकळा होतो: ‘त्यानं वॉकीटॉकीवर मुख्यालयाला कळवलं.’ कुठून? किती लांब? मध्ये काय होतं?

पायदळाचे नेहमीचे संच ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. त्यांच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. ढोबळ हिशेब असा: दोन्ही अँटेनांची मीटरमधली उंची घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरीज करून ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये. दोघेही सपाटीवर उभे, अँटेनाचं टोक २ मीटरवर, तर जेमतेम ११-१२ किलोमीटर, तेही झाडं-घरं मध्ये नसतील तर. आता एक जण जानापावच्या डोंगरावर चढवा. जानापाव ८५४ मीटर, पठार साधारण ५५० मीटर, म्हणजे ३०० मीटरची चढण. हिशेबानं ७५ किलोमीटरच्या पुढे. एका टेकडीसाठी अख्खी पलटण का लढते, ते इथे कळतं. नकाशावर तिथे फक्त देऊळ दिसतं.

उलट बाजूही बघा. महूहून पातालपाणीमार्गे काळाकुंडला छोट्या गाडीनं उतरला असाल तर घाट डोळ्यांसमोर येईल. पठारावर कड्यापासून किलोमीटरभर आत उभा असलेला सैनिक आणि दरीच्या तळाशी असलेला त्याचा सोबती, हवाई अंतर मोजून चार-पाच किलोमीटर, तरी एकमेकांना ऐकू येणार नाहीत. मधे डोंगर आहे. आमच्या वरच्या फौजेची एक कंपनी याच दरीत ‘हरवली’. सेनापती, वय वर्षं एकोणीस, माझ्यावर चिडला: “काका, चार किलोमीटरवर रेडिओ चालत नाही हा काय नियम?” नियम माझा नाही, विंध्याचा आहे.

उपाय दोन. एक, कड्यावर मध्यस्थ ठाणं, जे दोघांनाही बघू शकतं (आणि म्हणून शत्रूलाही दिसतं). दुसरा, ३ ते ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरायचं आणि अँटेनाची तार जमिनीपासून तीन-चार मीटरवर आडवी ताणायची. लहर सरळ वर जाते, आयनांबरावर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर) आपटून छत्रीसारखी खाली पसरते आणि दरीतही पोचते, तीनशे किलोमीटरच्या आत सगळीकडे. मात्र दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची. दिवेलागणीला बदलायचं विसरलात तर संपर्क तुटतो आणि बिचारा ऑपरेटर संच ठोकत बसतो.

सांकेतिक बोली म्हणजे सुरक्षा नव्हे

मराठी माणसाला कोडचं उदाहरण विचारलं की पानिपतचं पत्र पुढे येतं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची गणती नाही. १७६१ सालचं सावकारी पत्र. ऐकताना अजूनही पोटात खड्डा पडतो. पण पंच म्हणून बघा: ते पत्र नानासाहेबांना लिहिलेलं नव्हतं. वाटेत त्यांच्या हाती पडलं, आणि त्यांना अर्थ लागला. भाऊसाहेब आणि विश्वासराव उत्तरेत आहेत हे ज्याला ठाऊक, त्याला दोन मोती कोण हे सांगावं लागत नाही. सांकेतिक शब्द संदर्भ न जाणणाऱ्यापासूनच लपतात. शत्रूला तर संदर्भ तुमच्याइतकाच माहीत असतो. तेव्हा ‘आजीबाईला दोन किलो साखर पाठवा’ छापाचे संदेश विनोदी प्रसंगासाठी ठेवा.

दुसरं टोक म्हणजे ‘आमचं एन्क्रिप्शन अभेद्य आहे’ असं लिहून मोकळं होणं. यंत्र अभेद्य असेलही, माणूस नसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या एनिग्मा या संकेतयंत्रात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात उमटू शकत नसे. एका इटालियन ऑपरेटरला चाचणीचा संदेश पाठवायला सांगितलं होतं. त्यानं कंटाळून एकच कळ दाबत ठेवली. इंग्रजांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्रात, ब्लेचली पार्कमध्ये, मेव्हिस लीव्हर हिनं तो लांबलचक कागद पाहिला आणि तिच्या लक्षात आलं की यात ‘एल’ एकदाही नाही. म्हणजे मूळ मजकूर नुसता ‘एल’, ‘एल’, ‘एल’. घुसायला तेवढी फट पुरली. सोव्हिएत हेरखात्याची एकदाच वापरायची किल्ली, म्हणजे मजकूर सांकेतिक करायची आकड्यांची वही, गणितानं अभेद्य होती, पण काही पानं दोनदा छापली गेली आणि अमेरिकनांनी तेवढ्यावरून संदेश उकलले. १९१४ मध्ये टॅननबर्गपाशी रशियन तर उघड्या भाषेतच बोलत होते, कारण सगळ्यांकडे एकच संकेतपुस्तक पोचलेलं नव्हतं. गुपित फोडायला शत्रूला काहीच करावं लागलं नाही.

तेव्हा आपल्या सैन्यासाठी किल्ली कोण बनवतो, ती आघाडीवर कशी पोचते, किती वाजता बदलते, आणि संच शत्रूच्या हाती पडला तर बाकीच्यांना कोण, कसं कळवतं, हे लिहा. आमच्याकडे एकदा खालच्या फौजेचा संच पकडला गेला आणि नवी किल्ली वापरा हा निरोप त्यांनी जुन्याच किल्लीनं पाठवला. मी काही न बोलता चिठ्ठी वरच्या फौजेच्या खोलीत सरकवली.

बोलणं हेच सापडणं

मजकूर लपला तरी कोणीतरी, कुठूनतरी बोलतंय हे लपत नाही. दोन ठिकाणांहून दिशा मोजली की रेषा जिथे छेदतात तिथे तुमचं मुख्यालय. हाच हिशेब खिशातल्या मोबाइललाही लागू. १ जानेवारी २०२३ ला युक्रेनमध्ये माकीवका इथे रशियन सैनिकांची इमारत रॉकेटहल्ल्यात कोसळली, ८९ मृत्यू मान्य केले गेले, आणि खुद्द रशियाच्या संरक्षण मंत्रालयानं मुख्य कारण सांगितलं ते सैनिकांचा मोबाइल वापर. तुमच्या नायकानं आघाडीवरून बायकोला व्हिडिओ कॉल लावू नये. पत्र लिहावं, प्रसंगही बरा होतो.

संवाद लिहितानाच्या दोन बारीक चुका. ‘ओव्हर अँड आऊट’ असं कोणी म्हणत नाही. ‘ओव्हर’ म्हणजे तुम्ही बोला, ‘आऊट’ म्हणजे संपलं, दोन्ही एकदम कसं? आणि ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणू नका, ‘से अगेन’ म्हणा. तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा. आमच्या एका सेनापतीनं चिठ्ठीवर भाबडेपणानं ‘रिपीट’ लिहिलं. मी तोफा चालवल्या. तोवर त्याचीच पलटण तिथे पोचली होती.

संपर्क तुटलाच तर

कथेत आणि खेळात सगळे आधी ‘शत्रूनं जॅम केलं’, म्हणजे मुद्दाम खरखर सोडून रेडिओ बंद पाडला, असं म्हणतात. सिग्नलवाला तसं म्हणत नाही. आधी बॅटरी. मग अँटेनाचा जोड, तो सैल असतो. मग फ्रिक्वेन्सी, आजची की कालची. संच सेकंदाला शंभराहून जास्त वेळा फ्रिक्वेन्सी बदलणारा असेल तर घड्याळ बघायचं, कारण त्याची वेळ बाकीच्यांशी जुळत नसली तर तो भलत्याच ठिकाणी उडी मारत राहतो. मग किल्ली. एवढं झाल्यावरही खरखर असेल तर अँटेना काढायची. खरखर तशीच राहिली तर दोष संचात आहे. थांबली, तर बाहेर कोणीतरी आहे.

गेल्या रविवारी त्या एकोणीस वर्षांच्या सेनापतीनं हे सगळं क्रमानं चिठ्ठीवर लिहून विचारलं. शेवटची ओळ होती: ‘अँटेना काढली. आवाज थांबला का?’ मी ‘हो’ लिहून चिठ्ठी परत दिली. त्यानं दुसरा काही हुकूम काढलाच नाही. दरीतल्या कंपनीकडे महिन्यापूर्वीचा एक कागद होता, संपर्क नसेल तर चोरलच्या रस्त्यावर ठरलेल्या वेळी काय करायचं त्याचा. तो स्वस्थ बसून उरलेले पोहे खात राहिला.