लष्करी धाटणीची रायफल नागरी बाजारात का रुळत नाही, हे कसे पारखावे

अमेरिकेच्या नागरी बाजारात एआर-१५ जातीच्या रायफली सर्वत्र दिसतात. इतर देशांच्या सैन्यांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या कित्येक रायफलींची नागरी रूपे मात्र मोजक्याच लोकांच्या हाती पोहोचतात. यावरून ती शस्त्रे सदोष आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. अशी एखादी रायफल घेण्याचा विचार करताना, किंवा ती का खपली नाही हे समजून घेताना, पहिला प्रश्न असा विचारावा की सैन्याला तिचे जे गुण महत्त्वाचे वाटले, त्यांपैकी किती गुण एकट्या ग्राहकाच्या हाती आल्यावर शिल्लक राहतात. सैन्य रायफल घेते तेव्हा तिच्याबरोबर सुट्या भागांचा साठा, शिकलेले कारागीर आणि काडतुसांचा अखंड पुरवठा अशी सगळी व्यवस्था उभी करते. नागरी ग्राहकाच्या पदरात केवळ रायफल पडते, आणि पुढची व्यवस्था त्याची त्यालाच पाहावी लागते.

त्यानंतर कायद्याने तिच्यातून काय काढून घेतले आहे ते तपासावे. अमेरिकेत १९ मे १९८६ नंतर बनलेली पूर्ण स्वयंचलित शस्त्रे खासगी व्यक्तींच्या नावे नोंदवता येत नाहीत, म्हणून दुकानात मिळते ती अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सोडणारी आवृत्ती. १९३४ च्या कायद्यानुसार १६ इंचांहून आखूड नळीची किंवा २६ इंचांहून कमी एकूण लांबीची रायफल वेगळ्या नोंदणीच्या कक्षेत येते, त्यामुळे आखूडपणा हेच जिचे वैशिष्ट्य होते तिची नळी लांबवावी लागते. परदेशी रायफलींवर याहून मोठी कात्री चालली. १९८९ मध्ये आयातीवर निर्बंध आल्यानंतर खेळासाठी उपयुक्त ठरेल असेच रूप देशात आणता येऊ लागले. जर्मन सैन्याच्या जी-३६ रायफलीचे अमेरिकेत आलेले एसएल-८ हे रूप पाहिले की या कात्रीचा परिणाम लगेच कळतो: अंगठ्यासाठी भोक असलेला बोजड दस्ता, स्वतंत्र मुठीचा अभाव आणि दहा काडतुसांचे एकेरी रांगेचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी. जी-३६ आवडणाऱ्याला ही रायफल परकी वाटते, आणि लक्ष्यवेधाचा खेळाडू तिच्याकडे वळत नाही, कारण त्याच्यासाठी त्याहून सरस रायफली उपलब्ध असतात.

बुलपप रायफलींचा विचार थोडा सविस्तर करावा लागतो, कारण त्यांच्यावर काही प्रमाणात अन्याय झाला आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. या रचनेत मॅगझिन आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलून तिचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) हे दोन्ही चापाच्या मागे, दस्त्यातच बसवलेले असतात. त्यामुळे नळी पुरेशी लांब ठेवूनही शस्त्र आखूड राहते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९७७ मध्ये स्वीकारलेली स्टायर ऑग याच रचनेची असून, १६ इंचांची नळी असतानाही तिची एकूण लांबी साधारण २८ इंच भरते. चिलखती वाहनातून सतत चढ-उतार करणाऱ्या सैनिकाला या आखूडपणाचे मोल फार आहे. गोळीबाराच्या मैदानावर मेजाशी बसून नेम धरणाऱ्याला त्याचा उपयोग अगदी थोडा, आणि त्याची किंमत मात्र प्रत्येक गोळीमागे मोजावी लागते. चाप पुढे आणि गोळी उडवण्यासाठी आदळणारा घोडा मागे असल्याने दोहोंना जोडणारी लांब दांडी लागते, त्यामुळे चाप जड व काहीसा लिबलिबीत वाटतो. मॅगझिन काखेजवळ असल्याने ते बदलताना हात अवघडतो. शिवाय रिकाम्या पुंगळ्या गालाजवळून बाहेर पडतात, म्हणून डावखुऱ्या माणसाला रायफल तशीच खांद्याला लावता येत नाही. ऑग किंवा इस्रायली टॅव्होर यांच्यात पुंगळीची दिशा बदलता येते, पण त्यासाठी वेगळा बोल्ट घ्यावा लागतो. त्यातच कॅलिफोर्नियाचा कायदा ३० इंचांहून कमी लांबीच्या अर्धस्वयंचलित सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात करणाऱ्या) रायफलीला प्रतिबंधित वर्गात टाकतो, म्हणजे जो गुण होता तोच तेथे अडसर ठरतो. म्हणून बुलपप पारखताना शक्य असेल तेथे दुकानदाराच्या परवानगीने, नळी सुरक्षित दिशेला रोखून आणि कक्ष (नळीत काडतूस बसते ती जागा) रिकामा असल्याची स्वतः खात्री करून, ती खांद्याला लावून पाहावी, मॅगझिन चार-पाच वेळा काढून घालावे आणि मगच मत बनवावे.

मॅगझिन आणि सुटे भाग हा मुद्दा बहुतेक ग्राहक खरेदीनंतर शिकतात, तो आधी शिकावा. एआर-१५ च्या मूळ रचनेवरील पेटंटचे संरक्षण १९७७ मध्ये संपले आणि पुढे असंख्य कारखाने तिचे भाग बनवू लागले. आज एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या रायफलीत सहसा बसतो, आणि साधी अवजारे असलेला माणूस तिची नळीही बदलू शकतो. ही सोय नसलेली रायफल कितीही उत्तम असली तरी तिच्या मालकाला एकाच कंपनीच्या दारात उभे राहावे लागते. एफएन या बेल्जियन कंपनीच्या स्कार-१७ रायफलीचे मॅगझिन तिचे स्वतःचे आहे. शिवाय तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत बोल्ट ओढण्याची मूठ प्रत्येक गोळीबरोबर मागे-पुढे धावत असे, आणि हाताची किंवा दुर्बिणीच्या बैठकीची जागा चुकली तर अंगठ्याला फटका बसत असे. हे दोष असह्य नाहीत, पण हजारो डॉलर मोजणारा ग्राहक ते निमूटपणे स्वीकारत नाही. किमतीचा हिशेब करताना केवळ रायफलीचा आकडा धरू नये. सहा-सात मॅगझिन, एक जादा बोल्ट आणि दुर्बिणीची बैठक यांची बेरीज त्यात मिळवावी.

काडतुसाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तो ग्राहकाच्या हाती नसतो. सोव्हिएत बनावटीच्या एके-७४ जातीच्या रायफली ५.४५×३९ मिलिमीटरचे काडतूस वापरतात, आणि एके काळी स्वस्त रशियन काडतुसे हेच त्या घेण्याचे मोठे कारण होते. २०१४ मध्ये ७एन६ या लष्करी काडतुसाची आयात थांबली. २०२१ मध्ये रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध आले. रायफल तीच राहिली, तरी तिच्यामागचे अर्थकारण ढासळले. म्हणून रायफलीचे काडतूस अमेरिकेतच किती कारखाने बनवतात, हे आधी पाहावे.

काही कारणे शस्त्राच्या अंगातच दडलेली असतात. जर्मन जी-३ आणि तिचे एचके-९१ हे नागरी रूप यांच्या कक्षात बारीक खाचा असतात, त्यामुळे पुंगळी सहज सुटते आणि रायफल अडकत नाही. पण त्याच खाचांचे काळे पट्टे पुंगळीवर उमटतात, पुंगळीला पोचा पडतो आणि ती कित्येक पावले दूर जाऊन पडते. पुंगळ्या गोळा करून काडतुसे पुन्हा भरणाऱ्या छांदिष्टाला हे फार खटकते; सैन्याला त्याचे काहीच वाटत नाही, कारण सैनिक पुंगळ्या पुन्हा भरत बसत नाही.

जाहिरातीतल्या आश्वासनावर पैसे लावू नयेत, हे बुशमास्टर एसीआरच्या इतिहासावरून दिसते. २००७ मध्ये मॅगपुलने मसादा नावाने दाखवलेल्या रायफलीची किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास राहील अशी अपेक्षा होती. २०१० मध्ये ती बुशमास्टर कंपनीची एसीआर म्हणून बाजारात आली तेव्हा किंमत अडीच हजारांच्या वर गेली होती, त्याच वर्षी चाप एकदा ओढल्यावर एकाहून अधिक गोळ्या सुटण्याच्या शक्यतेमुळे तिला परत बोलावावे लागले, आणि नळी व काडतुसाचा प्रकार बदलण्याचे बहुचर्चित संच बहुतांशी आलेच नाहीत. रचना खरोखर विचारपूर्वक केलेली होती, याची मला आजही हळहळ वाटते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. आयातबंदीपूर्वीच्या एचके-९१ सारख्या रायफलींना आज संग्राहक चढी किंमत देतात, म्हणजे कमी खप हाच पुढे त्यांचा गुण ठरला. त्या हेतूने अशी रायफल घ्यायची असेल, तर आपल्या राज्याचा कायदा तिच्या नावाला, लांबीला आणि मुठीला काय म्हणतो ते लेखी वाचावे, आणि मॅगझिन, स्प्रिंगा, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) व फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) यांचा जादा संच रायफलीबरोबर त्याच दिवशी घेऊन ठेवावा.