या चुका टाळा : देशावरच्या ठिपकेवाल्या तुतारीच्या हंगामी नोंदी

ठिपकेवाली तुतारी किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या गटात मोडत असली, तरी तिचा खरा ओढा गोड्या पाण्याकडे आणि उथळ चिखलाकडे असतो, आणि म्हणूनच सह्याद्रीच्या पूर्वेला, देशावर, ती तळी, ओढे, पाझर तलाव आणि धरणांचे फुगवटे अशा सगळ्या ठिकाणी दिसते. स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंतच्या दलदलींत वीण उरकून हे पक्षी जुलैच्या अखेरीपासून आपल्याकडे येऊ लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत परततात. गोष्ट इतकी सरळ असूनही तिच्या येण्याजाण्याचे जे तक्ते आणि आलेख दरवर्षी माझ्याकडे ‘जरा नजर टाका’ म्हणून येतात, त्यांतले बरेचसे पक्ष्याविषयी थोडे आणि नोंद करणाऱ्याच्या सवयींविषयी फार सांगतात. चुकाही नव्या नसतात, नोंद करणारे तेवढे बदलतात.

पाण्याची पातळी न लिहिणे

सर्वांत महागात पडणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक ही आहे. उजनीचे उदाहरण घ्या. भीमेवरचे हे धरण पावसाळ्यात वरच्या भागातून येणाऱ्या पाण्याने भरते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या भागात पाणी थेट बाभळींच्या बुंध्यांना आणि उसाच्या बांधांना टेकते. काठाला चिखल असा उरतच नाही. तुतारी तर बोटभर पाण्यात आणि ओल्या गाळात चालत अन्न वेचणारी. खोल पाण्याचा तिला काही उपयोग नसतो. पुढे कालव्यांची आवर्तने सुटतात, पाणी उतरते, जानेवारी-फेब्रुवारीत गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि तोपर्यंत आसपास पांगलेले पक्षी तिथे गोळा होतात. उजनीच्या एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरला जाणारा तळाचा साठा, असल्याने कोरड्या वर्षी तो ‘उणे’ टक्क्यांत जातो, आणि मग गाळपेर (पाणी ओसरल्यावर पेरायच्या) जमिनीच्याही पुढे मैदानेच्या मैदाने मोकळी होतात. अशा वर्षी काठावर तुतारी जास्त दिसली, याचा अर्थ ती त्या वर्षी जास्त आली असा होत नाही.

काही वर्षांपूर्वी एका हौशी गटाने मोठ्या मेहनतीने बनवलेला अहवाल मला वाचायला दिला. त्यात ठिपकेवाल्या तुतारीचा आलेख सप्टेंबरमध्ये जवळजवळ शून्यावर होता आणि फेब्रुवारीत एकदम वर चढला होता. त्यावरून हा पक्षी उजनी परिसरात ‘जानेवारीत दाखल होतो’ असा निष्कर्ष ठळक अक्षरांत छापला होता. सप्टेंबरच्या नोंदी कुठे घेतल्या, असे विचारल्यावर उत्तर आले की बाराही महिने त्याच बोटीच्या धक्क्यावरून आणि त्याच दोन वळणांवरून. एकाच ठिकाणाहून पाहणी करण्याची शिस्त चांगलीच, पण सप्टेंबरात त्या धक्क्याच्या पायऱ्याही पाण्याखाली असतात. मी त्यांना येत्या सप्टेंबरात धरणाकडे पाठ करून चालायला सांगितले. ठरल्याप्रमाणे आम्ही रस्त्याच्या अलीकडच्या शिवारात शिरलो. तिथे नुकत्याच काढलेल्या उसाच्या फडात पाणी साचले होते, आणि खोडक्यांच्या मधल्या गढूळ डबक्यांत ठिपकेवाल्या तुतारी एकमेकींपासून अंतर राखून चरत होत्या. पुढच्या ओढ्यात आणखी होत्या, पाझर तलावाच्या सांडव्याखालीही होत्या. गटातल्या एकाने तिथेच वही मिटली आणि ‘म्हणजे अख्खा आलेख बाद?’ असे विचारले. आलेख बाद नव्हता. तो धरणाच्या पाणीपातळीचा उत्तम आलेख होता, फक्त त्यावर तुतारीचे नाव घातले होते.

माझी सवय सांगतो. पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीचा धरणातला साठा टक्क्यांत लिहायचा, कारण तो रोज जाहीर होतो आणि वर्तमानपत्रातही येतो; त्यापुढे काठावर चिखल किती पावले रुंद होता हे डोळ्याच्या अंदाजाने लिहायचे; आणि धरणाची एक फेरी झाली की शिवारातली एक फेरी करायचीच. पाटाला पाणी सुटलेले असेल तर भिजलेले वाफे आधी बघावेत. यात पद्धतशास्त्र फारसे नाही, पण वर्षभराने स्वतःचीच वही वाचताना घोटाळा होत नाही.

बसलेला पक्षी पाहून नाव ठरवणे

देशावर तीन तुतारी सर्रास एकमेकींच्या नावावर खपवल्या जातात : ठिपकेवाली, हिरवी आणि सामान्य. सामान्य तुतारी खरे तर चुकायला नको. ती दगडी काठावर, घाटावर, धरणाच्या भिंतीवर मागचा भाग सतत खालीवर हलवत फिरते, मिटलेल्या पंखापुढे छातीच्या बाजूला तिचा पांढरा कोपरा वर चढलेला असतो आणि उडताना ती ताठ पंख थरथरवत पाण्यालगत जाते. खरा गोंधळ उरलेल्या दोघींचा. ठिपकेवालीची फिकट भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते, हिरवीची डोळ्यापाशीच थांबते. ठिपकेवालीचे पाय पिवळसर, हिरवीचे काळपट हिरवे. हे सगळे पुस्तकात छान दिसते, पण ऑगस्टमध्ये वीण करून आलेल्या प्रौढ पक्ष्याची पिसे झिजलेली असतात, पाठीवरचे ठिपके पुसट झालेले असतात, पायांवर चिखलाचे मोजे असतात आणि उजेड ढगाळ असतो.

एका तरुण मित्राने जुलैच्या सुरुवातीला गावतळ्यावर ‘हंगामातली पहिली ठिपकेवाली’ नोंदवली आणि दुपारपर्यंत ती नोंद दहा जणांच्या फोनवर फिरत होती. त्याच्याकडे फोटो होता, ॲपने नाव दिले होते, आणि आत्मविश्वासाची कमतरता तर मुळीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्याच तळ्यावर जाऊन बांधाच्या आडोशाला बसलो. पक्षी तिथेच होता, एकटाच, धोब्याच्या दगडाशेजारी. तो उठवायचा नाही, आपणहून उडेपर्यंत थांबायचे, या माझ्या हट्टापायी मित्र बराच वेळ घड्याळ बघत राहिला. शेवटी म्हशी पाण्यात उतरल्या आणि पक्षी उडाला. पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी, त्यावर शेपटीच्या मुळाचा पांढराशुभ्र भाग लखकन उठून दिसणारा, आणि वर चढताना घुमणारी ‘ट्लुईट्-वीट्-वीट्’ अशी साद. ती हिरवी तुतारी होती. ठिपकेवालीच्याही शेपटीचे मूळ पांढरे असते, परंतु तिच्या पंखांची खालची बाजू फिकट राखाडी असते, पाय शेपटीच्या बरेच बाहेर आलेले दिसतात आणि तिची साद ‘चिफ्-इफ्-इफ्’ अशी कोरडी, भराभर येणारी असते. हिरवी तुतारी आपल्याकडे लवकर येणाऱ्या पाहुण्यांपैकी आहे आणि तिला एखादे डबके, एखादी चारीसुद्धा एकटीला पुरते; त्यामुळे जुलैत आडबाजूच्या पाण्यावर एकच तुतारी दिसली तर आधी तिचाच विचार करावा. पहिली नोंद आपल्या नावावर लागावी म्हणून केलेली घाई एका जातीची तारीख अलीकडे ओढते आणि दुसरीची कायमची गाळून टाकते. उडताना पाहिली नाही आणि आवाज ऐकला नाही, तर वहीत नुसते ‘तुतारी’ लिहावे. त्यात कमीपणा नाही.

जुलैत दिसली म्हणजे इथलीच

पावसाळ्यात तुतारी दिसली की ती ‘स्थानिक’ झाली, इथेच विणते, अशी बातमी करण्याची हौस काहींना असते. या पक्ष्यांची मादी पिल्ले उडती होण्याआधीच दक्षिणेकडे निघते आणि पिल्ले नराकडे राहतात, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेचा परतीचा प्रवास जूनमध्येच सुरू होतो. आपण ज्याला पावसाळा म्हणतो, तो तुतारीच्या हिशेबात शरद ऋतूचा प्रवास असतो. शिवाय न विणणारे काही पक्षी उन्हाळाभर इथेच रेंगाळतात. मला एकदा ‘तुतारीची अंडी’ म्हणून जो फोटो आला, त्यात उघड्या मुरमावर टोके आत करून ठेवलेली चार ठिपकेदार अंडी होती आणि फोटोच्या कोपऱ्यात टिटवी पंख पसरून कांगावा करत होती. फोटो काढणाऱ्याचे लक्ष अंड्यांवरून हललेच नव्हते. हा प्रश्न वयावरून बराचसा सुटतो. सुरुवातीला येतात ते झिजलेल्या पिसांचे प्रौढ, आणि साधारण ऑगस्टअखेरीपासून पाठीवर नीट ओळीत बदामी ठिपके असलेली, ताज्या पिसांची त्या वर्षाची पिल्ले. वहीत ‘प्रौढ’ की ‘नवे’ एवढा एक शब्द लिहिला, तरी येण्याच्या दोन लाटा वेगळ्या दिसू लागतात.

काही चुकांना एकेका ओळीपेक्षा जास्त जागा देण्याचे कारण नाही. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेचा आकडा हा जानेवारीचा आकडा असतो, वर्षाचा नव्हे. ८/९ अशी तारीख लिहू नये. महिना अक्षरांत लिहावा, कारण येण्याच्या तारखांत ऑगस्ट आणि सप्टेंबर यांची अदलाबदल म्हणजे सगळाच निकाल उलटा. कॅमेऱ्याचे घड्याळ तपासावे. ‘भिगवण’ हे ठिकाण म्हणून पुरेसे नाही, फुगवटा कित्येक किलोमीटर पसरलेला आहे. बोटीतून मोजताना पुढे उडालेला थवा पुढच्या वळणावर पुन्हा मोजला जातो. पक्षी दिसला नाही त्या फेरीचीही पूर्ण यादी भरावी, फक्त दिसलेल्या दिवसांच्या नोंदींतून हंगाम काढता येत नाही. आणि फोटोसाठी थवा उठवायला नावाड्याला सांगणाऱ्यांविषयी मी लिहू लागलो, तर लेख तिथेच अडकेल.

पक्षी गेला की आपण गेलो?

येण्याच्या तारखेसाठी जीव टाकणारे लोक जाण्याच्या तारखेकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मार्चच्या मध्यापर्यंत रोहित (फ्लेमिंगो) बघून होतात, ऊन चढते, सहली थांबतात आणि मग बहुतेक याद्यांत तुतारीची ‘शेवटची नोंद’ मार्चमध्येच पडते. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवरचे पक्षी उजनी, जायकवाडी, नांदूर मधमेश्वर अशा पाण्यांवर थांबतात, काही मेपर्यंत दिसतात, आणि तेव्हा त्यांचा विणीचा पिसारा इतका स्पष्ट ठिपकेदार असतो की ओळखीचा प्रश्नच उरत नाही. उन्हाळ्यात आटून राहिलेले पाणी मोजकेच असल्याने शोधायलाही कमी फिरावे लागते. सूर्य उगवायच्या आत पोचावे, नऊच्या सुमारास परत फिरावे. त्यानंतर गाळावरची हवा इतकी थरथरते की स्पॉटिंग स्कोपमधून पायांचा रंगसुद्धा कळत नाही. मेचा पहिला पंधरवडा संपेपर्यंत दर आठवड्याला एक फेरी, आणि पक्षी न दिसल्यावरही पुढच्या दोन फेऱ्या चुकवायच्या नाहीत, कारण शेवटची तारीख त्या दोन रिकाम्या फेऱ्यांनंतरच लिहिता येते.