आत्याच्या आठवणी आणि पंख्याची घरघर

१९७२च्या दुष्काळातली खडी फोडायची कामं, सुकडी (कामावर मिळणारा कोरडा खाऊ), मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) यांवर आत्या भरभरून बोलली. पण टेबलावरच्या मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचीच घरघर जास्त. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करणं, २४ डेसिबलवर लावलं. घरघर गेली, पण आत्या पत्र्याच्या डब्यातून बोलतेय असं वाटायला लागलं. मग मूळ फाइलच्या दुसऱ्या प्रतीवर ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे खर्जातले आवाज कमी करणारा), आणि रिडक्शन फक्त ६ डेसिबलवर. दोन्ही प्रतींच्या आवाजाची पातळी सारखी करून त्या हेडफोनवर ऐकल्या, कारण जरा मोठं वाजलं की उगाच चांगलं वाटतं. दुसरी सरस! पंखा थोडा येतो, येऊ दे. मिलोचं नाव घेताना आत्याने सोडलेला सुस्कारा तरी शाबूत राहिला. पुढच्या बैठकीला पंखा बंद, आणि कॉलर माइक पदराच्या पिनेपासून लांब, म्हणजे सळसळ नाही. वेव्ह फाइल (आवाज न दाबता पूर्ण साठवणारी) जपून ठेवलीय. नातेवाइकांना एमपी-थ्री पुरते.