एका पाणबुडी कमांडरचं आयुष्य नऊ मीटर मांजरपाटावर: शाळेच्या प्रदर्शनाची तयारी

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडी कमांडरांच्या यादीत ओटो क्रेचमरचं नाव सगळ्यात वर येतं. म्हणूनच शाळेच्या इतिहास प्रदर्शनात त्याचा तक्ता हमखास एकाच साच्यातला निघतो: वर फोटो, मध्ये बुडवलेल्या जहाजांचा आकडा, तळाशी "१९४१ मध्ये पकडला गेला" आणि विषय संपला. प्रत्यक्षात हा माणूस पकडला गेला तेव्हा जेमतेम २८ वर्षांचा होता आणि त्यानंतर ५७ वर्षं जगला. ती ५७ वर्षं भिंतीवर दिसलीच पाहिजेत. त्यासाठी सोलापुरातल्या शाळेला किंवा वाचनालयाला दोन दिवसांत करता येईल अशी ही मांडणी आहे. एक भिंत आणि एक मैदान एवढं पुरतं.

सुरुवात कापडापासून करा. नवी पेठेतून साधा मांजरपाट आणा. पट्टी नऊ मीटरची हवी, पण कापड साडेनऊ मीटर घ्या, कारण कोरा मांजरपाट धुतल्यावर आकसतो. न धुता आखणी केली आणि नंतर कापड ओलं झालं, तर सगळी मापं चुकतात. शिवाय कोऱ्या कापडाला खळ असते, त्यावर मार्करची शाई नीट धरत नाही. रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच मोजपट्टी लावा.

मोजमाप असं: एका वर्षाला १० सेंटिमीटर, आणि शून्य म्हणजे १ जानेवारी १९१२. क्रेचमरचा जन्म १ मे १९१२ चा, तेव्हा जर्मनीत असलेल्या सायलेशियातल्या लिग्नित्सजवळच्या हायडाऊ गावचा, म्हणून पहिली खूण ३.३ सेंटिमीटरवर येते. एप्रिल १९३० मध्ये तो जर्मन नौदलात दाखल झाला, ती खूण १८२.५ वर. पाणबुडीवरून त्याने पहिलं जहाज बुडवलं ४ ऑक्टोबर १९३९ ला: 'ग्लेन फार्ग', ८७६ टनांचं. ही खूण २७७.६ वर. १७ मार्च १९४१ ला त्याची यू-९९ ही पाणबुडी बुडाली, ती खूण २९२.१ वर.

आता शेवटच्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. साडेचौदा सेंटिमीटर, म्हणजे हाताची वीतभरसुद्धा नाही. ज्या कामामुळे त्याचं नाव राहिलं ते सगळं या तुकड्यात आहे. तेवढाच भाग लाल रंगवा, दुसरं काहीही लाल करू नका. साडेआठ मीटरच्या आयुष्यात हा लाल तुकडा किती लहान आहे, हे मुलांना सांगावं लागत नाही. त्यांना ते लांबूनच दिसतं.

पट्टीच्या खालच्या कडेला सोलापूरची रांग घ्या. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, म्हणजे क्रेचमर नौदलात गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले, ती खूण १९०.३ वर. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं चीनमध्ये निधन झालं ९ डिसेंबर १९४२ ला, ३०९.४ वर, त्या वेळी क्रेचमर युद्धकैदी होता. ही रांग सजावटीसाठी नाही. तिच्यामुळे युरोपातलं वर्ष आपल्या गावाच्या ओळखीचं होतं.

यानंतर आकडे. चुका सर्वांत जास्त इथेच होतात. "४७ जहाजं, २,७४,३३३ टन" हा आकडा सगळीकडे छापलेला सापडेल. त्यात नेमकी कोणती जहाजं धरली आहेत हे तुम्हाला फलकावर सांगता येत नसेल, तर तो लावू नका. त्याऐवजी तीन वेगळे रकाने करा. व्यापारी जहाजं ४०, एकूण २,०८,९५४ टन. तोफा बसवून युद्धनौका केलेली प्रवासी-मालवाहू जहाजं तीन: 'लॉरेंटिक' १८,७२४, 'पॅट्रोक्लस' ११,३१४ आणि 'फोरफार' १६,४०२, मिळून ४६,४४० टन. खरीखुरी युद्धनौका एकच, 'डेअरिंग' ही विनाशिका, १,३७५ टनांची.

पहिल्या दोन रकान्यांची बेरीज चालते, तिसऱ्याची त्यात मिळवू नका. व्यापारी जहाजाचा टन हे वजन नसतं, तो आतल्या जागेचा हिशेब असतो: १०० घनफूट म्हणजे एक टन. युद्धनौकेचा टन मात्र ती किती पाणी बाजूला सारते त्याचं वजन. चादरींनी भरलेलं गोदाम आणि सिमेंटने भरलेलं गोदाम जागेच्या मापात सारखी भरतील, पण काट्यावर त्यांचा मेळ बसणार नाही, असं मुलांना सांगा.

दावा आणि खात्री यातला फरक दाखवायला शेवटची रात्र घ्या. मार्च १९४१ मध्ये ब्रिटनकडे चाललेल्या एचएक्स ११२ या व्यापारी ताफ्यातल्या सहा जहाजांना यू-९९ चे टॉर्पेडो लागले. त्यातली पाच बुडाली. 'फ्रांश कोंते' हे टँकर जहाज आगीतून वाचलं, आणि 'फर्म' बुडायला आणखी काही दिवस गेले. सहा चिठ्ठ्या लावा आणि वाचलेल्या जहाजाची चिठ्ठी वेगळ्या रंगाची ठेवा.

तारखांचाही घोळ होतो. जर्मन पाणबुडीची रोजनिशी जर्मन घड्याळावर चालायची आणि ते घड्याळ तेव्हा ग्रीनिचच्या दोन तास पुढे होतं. त्यामुळे ग्रीनिच वेळेने रात्री साडेअकराला लागलेला टॉर्पेडो जर्मन नोंदीत दुसऱ्या दिवशीचा होतो. शिवाय काही जहाजं लगेच बुडत नसत: 'लॉरेंटिक'ला टॉर्पेडो लागला ३ नोव्हेंबर १९४० ला आणि ती बुडाली ४ तारखेला. फलकावर सगळीकडे ग्रीनिच वेळ धरा आणि तसं कोपऱ्यात एकदा लिहून ठेवा.

मैदानावरची पाणबुडी सकाळी साताला आखायला घ्या. मार्चनंतर नऊच्या पुढे सोलापूरच्या उन्हात मुलांना उभं करू नये. होम मैदान वापरायचा विचार असेल तर संक्रांतीचे दिवस सोडा, तेव्हा तिथे गड्ड्याची जत्रा भरलेली असते. यू-९९ ही सात-बी प्रकारची: लांबी ६६.५ मीटर, रुंदी ६.२ मीटर. सात-सी प्रकारचं माप, ६७.१ मीटर, चुकून घेऊ नका. युद्धाच्या सुरुवातीला क्रेचमरकडे असलेली यू-२३ तर फक्त ४२.७ मीटरची होती.

स्टीलचा टेप घ्या, कापडी टेप ताणला जातो. मधली सुतळी ६६.५ मीटर ताणून दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. मधल्या एक-तृतीयांश भागात दोन्ही बाजूंना ३.१ मीटरवर खुणा करा आणि तिथून टोकांकडे निमुळतं करत न्या. रेघेवर आधी पाणी शिंपडा आणि मग चुन्याची फक्की टाका, नाहीतर वाऱ्याने रेघ अर्ध्या तासात पसरते. २५ किलोचं एक पोतं पुरून उरतं. मुलांच्या हातात कळीचा चुना देऊ नका, तो डोळ्यांत गेला तर इजा होते.

आता आत दुसरी, छोटी आकृती काढा: सुमारे ४९ मीटर लांब, ४.७ मीटर रुंद. हे पाण्याचा दाब सोसणारं आतलं कवच. माणसं, यंत्रं, बॅटऱ्या, स्वयंपाक, सगळं एवढ्यातच. टॉर्पेडोसाठी दोन बांबू जोडून ७.१६ मीटरची काठी करा आणि पुढच्या भागात ठेवा. असे १४ टॉर्पेडो पाणबुडीत असत. नळ्या पुढे चार, मागे एक. मग ४३ मुलांना आत बसवा. शेवटच्या रात्री यू-९९ वर तेवढीच माणसं होती. मैदानावर जागा मोकळी वाटेल, पण पाणबुडीत यंत्रं, बॅटऱ्या आणि टॉर्पेडोही याच जागेत होते, हे त्यांना सांगा.

बसलेल्यांना ती रात्र सांगा. 'वॉकर' या ब्रिटिश विनाशिकेने पाण्याखालच्या बॉम्बचा मारा केला, यू-९९ खोल घसरत गेली, आणि क्रेचमरने ती वर आणली. ४० जण वाचले, तीन गेले. गेलेल्यांत पाणबुडीचा इंजिनिअरही होता. तीन मुलांना उठवून कडेला उभं करा आणि थोडा वेळ कोणी बोलू नका. पण ते एवढ्यावर थांबवू नका: बुडालेल्या प्रत्येक जहाजावरही माणसं होती. ब्रिटिश मालवाहू जहाजांवर रत्नागिरीकडचे खलाशीही काम करत. आणि क्रेचमर हिटलरच्या राजवटीसाठी लढत होता, ही ओळ फलकावर मोठ्या अक्षरात हवी. स्वस्तिक असलेली पदकं सजावटीसाठी छापू नका.

परत पट्टीकडे. पद लिहिताना सरसकट "कॅप्टन" लिहू नका. यू-९९ च्या काळात तो बहुतेक दिवस कापिटेनलॉयटनंट होता, हे जर्मन नौदलातलं पद; कमांडर हे त्याचं काम. २९२.१ पासून ३५९.५ पर्यंत राखाडी रंग द्या: पावणेसात वर्षांची कैद. आधी इंग्लंडमधलं ग्रिझडेल हॉल, मग कॅनडातलं बोमनव्हिल. १९४३ मध्ये तिथून निसटून कॅनडातल्याच न्यू ब्रन्सविक प्रांताच्या किनाऱ्यावर पाणबुडीत बसायचा बेत झाला. भुयार उघडकीस आलं, एकच अधिकारी दुसऱ्या वाटेने किनाऱ्यापर्यंत पोचला आणि पकडला गेला, आणि न्यायला आलेली यू-५३६ ही पाणबुडी रिकामीच माघारी फिरली. सुटका झाली १९४७ च्या अखेरीस.

१९५५ मध्ये तो पश्चिम जर्मनीच्या नव्या नौदलात गेला. १९६५ पासून नाटोच्या बाल्टिक प्रवेशमार्गांच्या नौदल मुख्यालयात, ज्यांच्याविरुद्ध लढला त्यांच्याच गोटात, चीफ ऑफ स्टाफ होता. सप्टेंबर १९७० मध्ये फ्लोटिलेनअडमिराल, म्हणजे अ‍ॅडमिरल पदांतली सर्वांत खालची पायरी, म्हणून निवृत्त झाला, ही खूण ५८७ वर. तिथून पुढचे पावणेतीन मीटरहून जास्त कापड जवळजवळ कोरं राहील. मुलं तिथे पाणबुड्यांची चित्रं काढायला बघतील, काढू देऊ नका. त्या भागात एकच खूण येते, ८६६ सेंटिमीटरवर: ५ ऑगस्ट १९९८, बव्हेरियात मृत्यू, वय ८६.