रुग्णालयातला अँटिबायोटिक रेझिस्टन्स मोजताय? या चुका टाळा

संसर्ग-नियंत्रण समितीची बैठक. पडद्यावर आलेख : क्लेबसिएला या जंतूमधला मेरोपेनेम-रेझिस्टन्स (मेरोपेनेम या अँटिबायोटिकला दाद न देणं) सहा महिन्यांत २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर. दोन मिनिटं कोणी बोलत नाही, मग कोणीतरी म्हणतं, "आता सरसकट कोलिस्टिनच सुरू करावं लागणार." कोलिस्टिन म्हणजे बाकीची हरल्यावरचं राखीव औषध. माझं मत विचाराल तर औषध बदलण्याआधी लॅबला फोन लावावा. हे टक्के कोणाला मोजून काढले, एवढंच विचारावं.

रेझिस्टन्स 'अचानक' वाढला

पहिली शंका घ्यायची ती एकच रुग्ण पुन्हापुन्हा मोजल्याची. समजा ४० रुग्णांत क्लेबसिएला सापडला आणि त्यातल्या ८ जणांचा जंतू रेझिस्टंट निघाला. म्हणजे २० टक्के. पण हे आठ जण जास्त आजारी, आयसीयूत पडून, त्यामुळे त्यांची कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) चार-चार वेळा गेली. बाकीचे ३२ एकेका तपासणीत बरे होऊन घरी. आता रिपोर्ट मोजले तर ६४ पैकी ३२ रेझिस्टंट, म्हणजे ५० टक्के. वॉर्डात काहीही बदललेलं नाही. म्हणूनच अँटिबायोग्राम (कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती टक्के चालतं याचा तक्ता) बनवताना त्या कालावधीतला प्रत्येक रुग्णाचा, प्रत्येक जातीचा पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वेगळा काढलेला जंतू) धरतात. आणि एखाद्या जंतूचे ३० आयसोलेटही नसतील तर टक्केवारी छापू नये. सातांपैकी तीन म्हणजे ४३ टक्के असं लिहिलं की वाचणारा उगाच घाबरतो.

दुसरी गफलत स्क्रीनिंगच्या स्वॅबची. बाहेरून आलेल्या रुग्णांचे रेक्टल (गुदद्वाराचे) स्वॅब घ्यायला सुरुवात केली की रेझिस्टंट जंतू जास्त 'सापडणारच', त्यांना शोधायलाच तर गेलो होतो. हे वाहक असतात. जंतू अंगावर आहे, आजार नाही. त्यांचे नमुने आजारी रुग्णांच्या कल्चरमध्ये मिसळले की अँटिबायोग्राम निकामी होतो.

तिसरी गोष्ट फार कमी लोक तपासतात : निकष बदलला का? जंतू सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट हे ठरवणारी सीमारेषा माणसांनीच आखलेली असते आणि ती सरकते. अमेरिकेच्या सीएलएसआय या लॅबचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०१०मध्ये एंटेरोबॅक्टर कुळातल्या जंतूंसाठी (क्लेबसिएला त्यातलाच) सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम (मेरोपेनेम यातलंच) या औषधगटांच्या सीमारेषा खाली आणल्या. ज्या लॅबनी नवं कोष्टक वापरायला घेतलं, त्यांच्याकडे कालचे काही सेन्सिटिव्ह जंतू एका रात्रीत रेझिस्टंट झाले. युरोपच्या युकॅस्ट या तशाच संस्थेने २०१९पासून 'आय' (इंटरमीडिएट) या शेऱ्याचा अर्थच बदलला. आता तो 'मधला' नसून 'जास्त डोस पोहोचला तर सेन्सिटिव्ह' असा आहे. जुन्या सवयीने 'आय' आणि 'आर' (रेझिस्टंट) एकत्र मोजणाऱ्यांचा रेझिस्टन्स फुगतो. अनेक वर्षांची तुलना करायची असेल तर जुने एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) आकडे काढून सगळ्यांना एकच कोष्टक लावावं. फक्त शेरे जपून ठेवले असतील तर तुलना विसरा.

चौथं कारण बिछान्यापाशीच असतं. कल्चर कधी पाठवलं? पहिलं अँटिबायोटिक लागू पडलं नाही की मगच पाठवायची पद्धत असेल, तर लॅबकडे अपयशी ठरलेलेच रुग्ण पोहोचतात. सहज बरे झालेले मोजणीत येतच नाहीत. उपाय जुनाच आहे : अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी, दोन वेगळ्या जागांहून रक्ताचे दोन सेट. प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. दोन मिली रक्त घालून 'वाढ नाही' असा रिपोर्ट मिळवण्याला काही अर्थ नाही.

सगळे वॉर्ड एकाच टोपलीत

एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस याचं नाव हात धुण्यासाठी घेतलं जातं. मला त्याची मोजणी जास्त महत्त्वाची वाटते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४६मध्ये डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या प्रसूतिकक्षात ११.४ टक्के माता दगावल्या, सुईणींच्या कक्षात २.८ टक्के. दोन्हींची एकत्र सरासरी काढली असती तर सातच्या आसपास आली असती आणि 'हवाच वाईट' म्हणून सगळे मोकळे झाले असते. फरक दिसला म्हणून तो कारण शोधत शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत पोहोचला (डॉक्टर आणि विद्यार्थी तिथूनच प्रसूतिकक्षात येत) आणि १८४७मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. तेव्हा आयसीयू, सर्जरी आणि ओपीडीचा अँटिबायोग्राम एकत्र छापू नका. ओपीडीच्या साध्या लघवी-संसर्गाच्या गर्दीत आयसीयूतला ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू बुडून जातो.

संसर्ग कमी झाले, दर मात्र वाढला

ही तक्रार ऐकून सिस्टर वैतागतात, आणि त्यांचं बरोबर असतं. लघवीच्या कॅथेटरचे (नळीचे) संसर्ग दर १००० कॅथेटर-दिवसांमागे मोजतात; एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस. समजा महिन्यात १००० कॅथेटर-दिवस आणि ५ संसर्ग, दर ५. मग मोहीम काढून विनाकारण ठेवलेल्या नळ्या काढल्या. आता ४०० कॅथेटर-दिवस आणि ३ संसर्ग. दर ७.५! दोन रुग्ण वाचले आणि अहवालात कामगिरी ढासळली. कारण नळी उरली ती खरोखर गरज असलेल्या, जास्त धोक्यातल्या रुग्णांनाच. भागाकाराचा छेद (कॅथेटर-दिवस) लहान झाला, तोही नेमका धोका कमी असलेल्यांना वगळून. म्हणून याच्या शेजारी दर १००० रुग्ण-दिवसांमागचे संसर्ग आणि एकूण रुग्ण-दिवसांपैकी किती दिवस नळी होती, हे दोन आकडे कायम छापावेत.

इथेच एक सल्ला. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू सापडणं नवल नाही. ताप नाही, त्रास नाही, तर कल्चर पाठवूच नका. पाठवलं की कोणीतरी रिपोर्टवर उपचार करतं. गरोदरपण आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया हे अपवाद.

"आम्ही मोहीम राबवली आणि दर उतरला"

मोहीम कधी राबवली? दर सगळ्यात वर गेला तेव्हा. उद्रेकाच्या शिखरावरून काहीही केलं तरी खालीच येणार. आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने अशी तुलना करून पेपर लिहिणं ही या क्षेत्रातली सगळ्यात लाडकी चूक असावी.

अमेरिकेत मिशिगनमधल्या १०३ आयसीयूंचा २००६मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सगळ्यांना पाठ असतो. हात धुणं, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना पूर्ण आवरण, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, शक्यतो मांडीची जागा टाळणं, गरज संपताच लाइन काढणं. एवढ्या पाच गोष्टी, आणि संसर्गाच्या दराचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) तीन महिन्यांत २.७ वरून शून्यावर. पाचही गोष्टी करायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण इंग्लंडने तसाच कार्यक्रम टप्प्याटप्प्याने राबवला तेव्हा नंतर सामील झालेल्या आयसीयूंचे दर सुरुवातीलाच कमी निघाले. म्हणजे दर आपणहूनही उतरत होते, आणि श्रेय नेमकं किती कोणाचं हे ठरवणं अवघड झालं. निदान १२ महिने आधीचे आणि १२ महिने नंतरचे मासिक आकडे मांडा, रेषेचा चढउतार मोहिमेच्या तारखेला बदलतो का ते पाहा. शक्य असेल तर शेजारचा मोहीम नसलेला वॉर्डही मांडा.

तुलनेसाठी चुकीची माणसं

कोणत्या औषधामुळे रेझिस्टंट संसर्ग होतो हे शोधताना एका बाजूला रेझिस्टंट जंतूचे रुग्ण आणि दुसरीकडे त्याच जंतूच्या सेन्सिटिव्ह जातीचे रुग्ण घेतात. रीतसर दिसतं, पण यात खोट आहे. जो आधीच मेरोपेनेमवर आहे, त्याच्या अंगात मेरोपेनेम-सेन्सिटिव्ह जंतू वाढणारच कसा? त्यामुळे दुसऱ्या गटात ते औषध घेतलेले कमीच सापडतात आणि औषधाचा दोष अवाच्या सवा मोठा दिसतो. तुलना त्याच काळात, त्याच वॉर्डात दाखल असलेल्या, संसर्ग न झालेल्या रुग्णांशी करावी. मुक्कामाचे दिवसही जुळवावेत. तीस दिवस राहिलेल्याला संसर्ग होण्याची संधी तीन दिवसवाल्यापेक्षा जास्त मिळालेली असते. 'रेझिस्टंट संसर्गाने मुक्काम लांबतो' हे अर्धं खरं असतं, उरलेलं अर्धं उलटं असतं : मुक्काम लांबला म्हणून संसर्ग झाला.

एका औषधावर बंदी घालून फक्त एकाच जंतूकडे बघत बसणंही असंच. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका रुग्णालयाने १९९६मध्ये सेफॅलोस्पोरिनवर निर्बंध आणले. सेफ्टाझिडिम (सेफॅलोस्पोरिनपैकी एक)-रेझिस्टंट क्लेबसिएला ४४ टक्क्यांनी घटला. त्याच काळात इमिपेनेम या कार्बापेनेमचा वापर वाढला आणि इमिपेनेम-रेझिस्टंट स्युडोमोनास हा दुसराच जंतू जवळपास ६९ टक्क्यांनी वाढला. पहिलाच आकडा छापला असता तर तो विजय ठरला असता.

हात धुण्याचं प्रमाण ९५ टक्के, तरी केस येतच आहेत

फाइल घेऊन निरीक्षक उभा असला की सगळेच हात धुतात. हँडरबचा (हातांना चोळायच्या अल्कोहोलचा) खप लिटरमध्ये मोजा आणि रुग्ण-दिवसांनी भागा, तो आकडा जास्त प्रामाणिक असतो. हातमोजे घालून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणारे लोक बघा, त्यांना आपण स्वच्छ आहोत असंच वाटत असतं. जुलाबाच्या केसेस वाढल्या असतील तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल आठवा. त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, तिथे साबण-पाणीच लागतं.

एवढं करूनही साखळी तुटत नसेल तर? अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या रुग्णालयात, क्लिनिकल सेंटरमध्ये, २०११मध्ये नेमकं हेच झालं. कार्बापेनेम-रेझिस्टंट क्लेबसिएला घेऊन आलेली पहिली रुग्ण वेगळी ठेवलेली होती, घरीही गेली होती. तीन आठवड्यांनी दुसरी केस निघाली. एकूण १८ रुग्णांत जंतू पसरला, ११ दगावले, त्यातल्या ६ मृत्यूंना हा संसर्ग कारण ठरला. जंतूंचे जीनोम वाचल्यावर कळलं की सगळ्यांचं मूळ त्या पहिल्या रुग्णाशी जातं, आणि जंतू मधल्या काळात लक्षणं नसलेल्या वाहकांतून गुपचूप फिरत होता. स्वच्छ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तो सापडला.

तेव्हा अशा वेळी ताप आलेल्यांचीच नाही, वॉर्डातल्या प्रत्येकाची स्क्रीनिंग करा. निर्जंतुक केलेली उपकरणं वापरण्याआधी पुन्हा तपासा. जंतुनाशक पुसून लगेच कोरडं करत नाहीत ना, हेही बघा. लेबलवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहावा लागतो. आणि स्वॅब घेऊन सिंकच्या जाळीखाली, निचऱ्याच्या पाइपात जा. उरलेलं सलाईन आणि अँटिबायोटिकचं पाणी त्याच सिंकमध्ये ओतलं जात असेल, तर जंतूंना तिथे अन्नही मिळतं आणि औषधाचा सरावही. नळाची धार थेट निचऱ्यावर पडत असेल तर शिंतोडे शेजारच्या ट्रेपर्यंत उडतात. धार थोडी सरकवून घ्या आणि ट्रे तिथून हलवा.