घरातल्या म्हाताऱ्या माणसांची शुगर सांभाळताना

सत्तरी ओलांडलेल्या आजीची शुगर २२० आली की घरात धावपळ सुरू होते. तीच ६२ आली की 'आज लई छान कमी आली' म्हणून सगळे निवांत. खरं घाबरायला हवं ते दुसऱ्या आकड्याला. वाढलेली शुगर डोळे, किडनी आणि पायाच्या नसा बिघडवते, पण त्याला महिने-वर्षं लागतात. घसरलेली शुगर अर्ध्या तासात माणसाला न्हाणीत पाडते, खुब्याचं हाड मोडते, नाहीतर झोपेतच बेशुद्ध करते. म्हणून घरातल्या प्रत्येकाला आधी हे यायला हवं की शुगर उतरली तर काय करायचं.

त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारून ठेवा: 'आमच्या आबांची शुगर किती असावी?' तरुणाचं माप म्हाताऱ्याला लागत नाही. तब्येत धडधाकट असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी साधारण ७ ते ७.५ चालते. हृदयाचा, किडनीचा त्रास किंवा विसरभोळेपणा असेल तर ८ पर्यंत आणि उपाशीपोटीची ९० ते १५० ठीक मानतात. शुगर खूप खाली नेऊ शकणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एचबीए१सी ६.२ आली तर पेढे वाटू नका. डोस कमी करायचा का, ते त्याच भेटीत विचारा.

शुगर उतरली तर

७० च्या खाली गेली की कमी, ५४ च्या खाली गेली की धोका. पुस्तकातली लक्षणं म्हणजे दरदरून घाम, हातपाय कापणं, छातीत धडधड, एकदम भूक. म्हाताऱ्या माणसांत मात्र ती नेहमी दिसत नाहीत. आजी उगाच चिडते, असंबद्ध बोलते, हाक मारली तरी टक लावून बघत बसते, जीभ जड होते. कधी तर अर्धांगवायूच झाला असं वाटतं. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा एटेनोलॉल चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा उरतो. तेव्हा शुगरच्या माणसाचं वागणं अचानक बदललं तर आधी शुगर बघा, भांडण नंतर.

मशीन हाताशी नसेल तर शोधत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर उठवून बसवा आणि चहाचे तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्धा कप पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटं थांबून शुगर तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आली की अर्धी भाकरी-वरण किंवा कपभर दूध द्या, नाहीतर तासाभरात परत उतरते. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका. त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि इथे वेळच तर वाचवायचा असतो.

गोळ्यांच्या पाकिटावर वोग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का, ते आजच बघा. हल्ली तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीत वोग्लिबोज सर्रास असतं. ते आतड्यात साखर फोडूच देत नाही. अशा माणसाला साखर-पाणी किंवा गूळ पटकन लागू पडत नाही, त्याला ग्लुकोज पावडरच हवी. तिचा डबा उशाशी असू द्या.

माणूस बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका, पाण्याचा घोटसुद्धा नाही, तो श्वासनलिकेत जातो. कांदा फोडून नाकाला लावण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडने उतरलेली शुगर एकदा वर आली तरी पुढचा दिवसभर पुन्हा पुन्हा घसरू शकते, किडनी कमजोर असेल तर जास्तच. म्हणून माणूस हुशार होऊन बोलायला लागला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि ती रात्र दर दोन-तीन तासांनी शुगर बघा.

शुगर उतरते बहुतेक वेळा साध्या कारणांनी. गोळी घेतली आणि जेवण लांबलं. घेतल्याचं विसरून दुसऱ्यांदा घेतली. दात दुखतो म्हणून अर्धीच भाकरी खाल्ली. चतुर्थी होती. त्यावर घरात एकच नियम ठेवा: भाकरी तव्यावर पडल्याशिवाय सुई नाही आणि ताट समोर आल्याशिवाय ग्लिमेपिराइड नाही.

इन्सुलिन: सिरिंज आणि उन्हाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक सिरिंजची. काचेच्या बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० युनिटचं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेलं असतं, त्याला लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. पेनमधलं १०० युनिटचं असतं, आणि १०० च्या सिरिंजचं टोपण केशरी असतं. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने '२०' च्या रेघेपर्यंत ओढलं तर पोटात जातात फक्त ८ युनिट. उलट, पेनच्या कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने '२०' ओढलं तर जातात ५० युनिट, आणि ते जिवावर बेतू शकतं. मेडिकलवाल्याने दिलेली सिरिंज आणि बाटलीवरचा आकडा दर वेळी जुळवून बघा. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, आकडा वाचा. पेनच्या कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून इन्सुलिन काढूच नका.

गढूळ दिसणारं ३०/७० इन्सुलिन दोन्ही तळहातांत दहा वेळा घोळवा, दहा वेळा हळूच उलटसुलट करा. खळखळ हलवू नका. गुठळ्या किंवा कण तळाशी तसेच राहिले तर ती बाटली बाद. सुई पोटावर द्यायची तर बेंबीपासून दोन बोटं लांब, आणि रोज एका बोटाच्या अंतराने जागा बदलत. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ येते. तिथे दुखत नाही म्हणून माणसं मुद्दाम तिथेच टोचतात, पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी तर कधी एकदम शोषलं जातं. कारण नसताना शुगर वर-खाली होत असेल तर आधी पोटावरून बोटं फिरवून बघा. पेन असेल तर बटण दाबल्यावर मनात दहा मोजा, मग सुई काढा.

न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर ठीक दिसलं तरी निकामी झालेलं असतं. चालू बाटली २५-३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकते. फोडल्याची तारीख पट्टी चिकटवून लिहा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या घरात तर भट्टीच होते, आणि लाईटचा भरवसा नसतो. फ्रिज नसेल तर मातीची दोन मडकी घ्या, एकात एक बसणारी. मधल्या फटीत वाळू भरून सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवा. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आतल्या कोरड्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. मडकं सावलीत, वाऱ्याला हवं. बंद खोलीत ते गार होत नाही.

मशीनच्या पट्ट्यांनाही ऊन आणि ओल सोसत नाही, पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच लावा. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. बोटाला आंब्याचा रस किंवा गूळ लागलेला असेल तर मशीन खोटाच मोठा आकडा दाखवते, आणि त्यावर डोस वाढवला की माणूस संकटात. बोटाच्या पेराच्या बाजूला टोचा, मधोमध नको, कमी दुखतं. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे.

ताटात काय

ज्वारीची भाकरी चांगली आहे, पण ती फुकट नाही. ७५ ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं असतात. 'ज्वारीच आहे' म्हणून तीन खाल्ल्या तर शुगर चढणारच. एक ते दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा पिठलं, भरपूर पालेभाजी, आणि ताक. वरणाचं नुसतं पाणी वाढू नका, तळची डाळ वाढा. म्हाताऱ्या शरीराला ती जास्त लागते. सकाळी सुशीला (भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे) असेल तर मुरमुरे मूठभर कमी आणि शेंगदाणे, डाळं मूठभर जास्त. दात नसतील तर भाकरी वरणात कुस्करून द्या, पण द्या. 'शुगर आहे' म्हणून सगळंच बंद केल्याने वाळत गेलेली माणसं पडतात.

साखर लपलेली असते चहात. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे दहा चमचे, जवळपास ५० ग्रॅम. साखरेऐवजी गूळ घातल्याने काही फरक पडत नाही. केसर आंबा हवाच असेल तर अर्धा, फोडी करून, अर्ध्या भाकरीच्या बदल्यात. वाटीभर रस आणि वर पोळ्या नको. रसवंतीवरचा ग्लास मात्र नकोच.

उपास हा श्रद्धेचा भाग आहे, त्यावरून म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नका, तयारी करा. आषाढी, नवरात्र, श्रावणातले सोमवार आधीच कॅलेंडरवर खुणा करून डॉक्टरांकडून त्या दिवसांचा डोस लिहून घ्या. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन बहुधा कमी करावं लागतं. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी कडक उपासात थांबवायची का, तेही विचारा. साबुदाणा आणि बटाटा शुगर झपाट्याने वर नेतात. त्यापेक्षा थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी. शुगर ७० च्या खाली गेली की उपास तिथेच मोडायचा, हे आदल्या दिवशीच कबूल करून घ्या.

जुलाब-उलट्या लागल्या तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू ठेवायची की नाही, हे त्याच दिवशी फोनवर विचारा. बहुतेकदा थांबवायला सांगतात. इन्सुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करू नका. खाणं कमी असलं तरी आजारपणात शुगर वाढू शकते.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि माणूस माळकरी, शुद्ध शाकाहारी असेल तर बी१२ तपासून घ्या. पायाच्या मुंग्या 'शुगरच्याच' म्हणून सोडून दिल्या जातात, त्यातल्या काही बी१२ च्या कमतरतेच्या असतात आणि त्यावर उपाय आहे. आठवडी बाजारातल्या शुगरच्या पुड्यांपासून लांब राहा, त्यांत काही वेळा गुपचूप इंग्रजी औषध मिसळलेलं असतं. गुडघ्याला एका दिवसात आराम देणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं, त्याने शुगर एकदम भडकते. दुखण्यासाठी रोज डायक्लोफिनॅक घेतलं तर किडनी बिघडू शकते.

पाय

रात्री पाय चेपताना एक तपासणी करा, मिनिटभर लागतं. आबांना डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटाच्या टोकाने त्यांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, दोन्ही पायांना, एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टिचकी मारू नका. 'लागला' असं ते म्हणतात का बघा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत. अशा पायात बाभळीचा काटा मोडला तरी समजत नाही.

मग नियम कडक. घरातसुद्धा चप्पल. ती एमसीआर म्हणजे मऊ, स्पंजासारख्या रबराच्या तळव्याची आणि मागे पट्टा असलेली हवी, घालण्याआधी उलटी करून झटकायची. तुळजापूरला किंवा औंढ्याला दर्शनाला जाताना दुपारची तापलेली फरशी टाळा, पहाटे जा आणि जाड सुती मोजे घाला. अंघोळीचं पाणी दुसऱ्याने कोपर घालून बघावं. गरम पाण्याची पिशवी, शेक नको. कुरूप ब्लेडने कापू नका. भेगांना तेल किंवा व्हॅसलिन चालेल, बोटांच्या बेचक्यात मात्र नको, तिथे ओल राहून चिखल्या होतात. फोड, काळसर डाग, वास किंवा एकच पाय गरम लागला तर हळद भरून वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

मुलं बाहेरगावी असतील तर

मुलं पुण्याला, नाहीतर दसऱ्यानंतर ऊसतोडीला कारखान्यावर. बीड-जालन्याकडच्या कितीतरी घरांत तेव्हा आजी आणि शाळकरी नातू एवढेच उरतात. निघण्याआधी डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. दोन वेळच्या सुईऐवजी सकाळची एकच चालेल का, शुगर उतरवणारी गोळी बदलता येईल का, हे ते बघू शकतात. एचबीए१सी, किडनीसाठी क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रोटीन, आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी तेव्हाच उरकून घ्या. साधी शुगर-बीपी गावातल्या उपकेंद्रात होते, पुढचं छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, भरती व्हायची वेळ आली तर उपयोगी पडतं.

गोळ्या दोन डब्यांत, सकाळच्या डब्यावर सूर्य आणि रात्रीच्या डब्यावर चंद्र काढून. आठवड्याच्या मोजून भरा, म्हणजे रविवारी उरलेल्या किंवा कमी पडलेल्या मोजता येतात. फोनवर 'शुगर किती?' याआधी 'जेवलीस का माय? किती भाकरी खाल्ली?' हे विचारा. नातवाला ग्लुकोजचा डबा कुठे आहे ते दाखवा, १०८ लावून काय बोलायचं ते दोनदा म्हणवून घ्या आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवा. दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा: नाव, वय, शुगर आहे, चालू गोळ्यांची नावं, इन्सुलिन किती युनिट आणि ४० चं की १००चं, मुलाचा नंबर. डोस बदलला की तो कागद त्याच दिवशी बदला.